कमी अमोनियावर चालणारी औद्योगिक शीतकरण यंत्रणा : गोव्यातील उद्योगांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिम, कुटबण किंवा खारीवाडोच्या जेटीवर उतरलेली मासळी निर्यातीच्या कंटेनरमध्ये चढेपर्यंत तिला तीन-चार टप्प्यांवर थंडावा लागतो. आधी बर्फ, मग प्रक्रिया कारखान्यातील चिलर, त्यानंतर प्लेट फ्रीझर किंवा ब्लास्ट फ्रीझर आणि शेवटी उणे १८ अंशांखालचे कोल्ड स्टोरेज. दुग्धशाळा, आइस्क्रीम, बिअर आणि औषधनिर्मिती या उद्योगांचेही थंडाव्यावाचून चालत नाही. यांपैकी मोठ्या यंत्रणांमध्ये फिरणारा वायू बहुतेकदा अमोनिया असतो. गोव्यात कारखाना आणि वाडा यांच्यामध्ये अनेक ठिकाणी फक्त एक कुंपण असते, म्हणून यंत्रणेत किती किलो अमोनिया भरलेला आहे हा प्रश्न येथे केवळ अभियंत्याचा राहत नाही. पुढील प्रश्नोत्तरे कारखान्यांचे मालक, देखभाल करणारे अभियंते, पाळीवरचे ऑपरेटर आणि शेजारी राहणारे नागरिक यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

लो-चार्ज अमोनिया यंत्रणा म्हणजे नेमके काय?

शीतकरण यंत्रणेत भरलेल्या वायूच्या एकूण वजनाला या व्यवसायात ‘चार्ज’ म्हणतात. तेवढाच थंडावा देण्यासाठी नेहमीपेक्षा पुष्कळ कमी अमोनिया लागेल अशी रचना केलेली यंत्रणा म्हणजे लो-चार्ज यंत्रणा. तिची सर्वमान्य अशी एकच व्याख्या नाही. मात्र शीतकरण क्षमतेच्या दर टनामागे साधारण साडेचार किलोपेक्षा कमी अमोनिया असेल तर तिला लो-चार्ज म्हणण्याचा प्रघात आहे. येथे ‘टन’ म्हणजे वजन नव्हे, तर ३.५१७ किलोवॉट इतकी शीतकरण क्षमता. पंपाने द्रव अमोनिया फिरवणाऱ्या जुन्या पद्धतीच्या मोठ्या प्लांटमध्ये दर टनामागे १० किलो किंवा त्याहून अधिक अमोनिया सहज आढळतो. प्लेट हीट एक्स्चेंजर (पातळ पत्र्यांमधून उष्णता हलवणारे साधन) वापरून एका चौकटीवर बसवलेल्या आधुनिक चिलरमध्ये हेच प्रमाण अर्ध्या किलोच्या आसपास आणता येते.

अमोनिया विषारी असताना तो वापरायचाच कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून पुढे जाऊ नये. अमोनिया औद्योगिक शीतकरणात नवा नाही. जर्मन अभियंते कार्ल फॉन लिंडे यांनी १८७६ मध्ये अमोनियाचा कंप्रेसर बनवला, तेव्हापासून दीडशे वर्षे हा वायू बर्फ आणि अन्न-उद्योगांत टिकून आहे. मधल्या काळात आलेले फ्रिऑन कुटुंबातील वायू घरगुती फ्रीज आणि एअर कंडिशनरपर्यंत पोहोचले, पण मोठ्या औद्योगिक प्लांटमधून ते अमोनियाला पुरते हटवू शकले नाहीत.

त्याचे कारण त्याच्या गुणधर्मांत आहे. वातावरणाच्या दाबाला अमोनिया उणे ३३.३ अंशांना उकळतो आणि त्या वेळी दर किलोमागे सुमारे १३७० किलोज्यूल उष्णता शोषून घेतो. फ्रिऑन कुटुंबातील आर-२२ हा वायू त्याच्या उत्कलनबिंदूला दर किलोमागे सुमारे २३४ किलोज्यूलच शोषतो. म्हणजे तेवढ्याच कामासाठी अमोनिया जवळजवळ सहापटीने कमी वजनाचा फिरवावा लागतो. त्यामुळे नळ्या लहान लागतात आणि विजेचा खर्चही आटोक्यात राहतो. पर्यावरणाच्या दृष्टीने त्याचा ओझोन-थरावरील परिणाम शून्य आहे, आणि जागतिक तापमानवाढीतील त्याचा थेट वाटा शून्याच्या इतका जवळ आहे की तो शून्यच धरला जातो. तो किलोमागे स्वस्तही आहे. एवढे सगळे गुण एकत्र असलेला दुसरा वायू औद्योगिक तापमानांसाठी अद्याप मिळालेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मुख्य दोष एक आहे, पण तो मोठा आहे : अमोनिया फुप्फुसांना आणि डोळ्यांना इजा करतो. म्हणून वायू बदलण्यापेक्षा त्याचे वजन घटवणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग ठरतो.

आमच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आर-२२ किंवा आर-४०४ए आहे. ते बदलण्याची घाई आहे का?

यंत्र उत्तम चालत असेल तर ते उद्याच मोडीत काढण्याची गरज नाही. पण नवी खरेदी करताना पुढील तारखा लक्षात ठेवाव्यात. ओझोन-थर वाचवण्यासाठी झालेल्या माँट्रियल करारानुसार भारतात आर-२२ गटातील वायूंचा वापर २०३० पर्यंत, जुन्या यंत्रांच्या सेवेसाठी ठेवलेला थोडा भाग वगळता, संपुष्टात यायचा आहे. आर-४०४ए हा हायड्रोफ्लोरोकार्बन गटातील असून त्याच्यावर त्याच कराराची किगाली दुरुस्ती लागू होते. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. तिच्यानुसार या गटाचा वापर २०२८ मध्ये गोठवला जाईल. २०३२ पासून कपातीला सुरुवात होऊन २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे.

औद्योगिक यंत्र वीस-पंचवीस वर्षे चालते. आज आर-४०४ए वर घेतलेले यंत्र त्याच्या उतारवयात अशा काळात पोहोचेल, जेव्हा त्याचा वायू दुर्मीळ आणि महाग झालेला असेल. शिवाय आर-४०४ए चा तापमानवाढीचा गुणांक ३९२२ आहे. म्हणजे एक किलो गळला तर सुमारे चार टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडल्यासारखे होते. त्याला वास नसल्यामुळे अशी गळती महिनोन्‌महिने कळतही नाही.

प्लांटमध्ये एवढा अमोनिया नेमका कुठे साठलेला असतो?

चार्ज कमी करण्याच्या चर्चेची सुरुवात याच प्रश्नापासून व्हायला हवी. कंप्रेसर मोठा आवाज करतो म्हणून सगळ्यांचे लक्ष त्याच्याकडे जाते, परंतु त्याच्यात असलेला अमोनिया वायुरूप आणि अत्यल्प असतो. वजन असते ते द्रवात. द्रव अमोनियाचे वजन दर लिटरला सुमारे ६०० ग्रॅम भरते. त्यामुळे ज्या भांड्यांत आणि नळ्यांत द्रव उभा असतो, तिथेच चार्ज दडलेला असतो.

पहिली जागा म्हणजे हाय-प्रेशर रिसीव्हर, म्हणजे द्रव अमोनिया साठवण्याचे जास्त दाबाचे भांडे. अनेक प्लांटमध्ये तो गरजेपेक्षा कितीतरी मोठा घेतलेला असतो, कारण ‘थोडा जास्त असलेला बरा’ या विचाराने खरेदी झालेली असते. दुसरी जागा म्हणजे लो-प्रेशर बाजूचा सेपरेटर किंवा एक्युम्युलेटर, म्हणजे वाफेतून द्रव वेगळा करणारे भांडे. तिसरी म्हणजे पूर्ण भरलेली बाष्पक कॉइल, म्हणजे ज्या नळ्यांत अमोनिया उकळून थंडावा देतो त्या. बर्फाच्या कारखान्यातील ब्राइनच्या (गोठू नये म्हणून क्षार मिसळलेल्या पाण्याच्या) टाकीत बुडालेली कॉइल आणि शेल-अँड-ट्यूब (मोठ्या कवचात नळ्यांचा जुडगा असलेला) चिलर या दोन्ही भागांत शेकडो किलो द्रव बसू शकतो. चौथ्या जागेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ती म्हणजे प्लांट रूमपासून दूरच्या फ्रीझरपर्यंत गेलेली द्रवाची लांब लाइन. कारखाना वाढत गेला, नवी खोली मागे बांधली, तिच्यासाठी लाइन आणखी चाळीस मीटर पुढे नेली, असे होत गेलेल्या प्लांटमध्ये एका लाइनीतच मोठा साठा होतो. शिवाय ती लाइन कामगार जिथे मासळी साफ करतात त्याच छताखालून गेलेली असते.

मग तो कमी कसा करतात?

याला एकच एक उपाय नाही. कारखान्याच्या कामानुसार तीन-चार उपायांचा मेळ घालावा लागतो.

सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे उष्णता-विनिमयाचे साधन बदलणे. प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये पातळ पत्र्यांच्या मधल्या अरुंद फटींतून अमोनिया वाहतो. त्यामुळे तेवढीच उष्णता हलवण्यासाठी लागणारे द्रवाचे आकारमान शेल-अँड-ट्यूबच्या मानाने फारच थोडे असते. बाष्पक आणि कंडेन्सर (वाफेचा पुन्हा द्रव करणारा भाग) दोन्ही प्लेटचे घेतले, तर मोठ्या रिसीव्हरची गरजही जवळजवळ उरत नाही.

दुसरा उपाय म्हणजे अमोनियाला प्लांट रूमच्या बाहेर पडूच न देणे. प्लांट रूममध्ये अमोनिया ग्लायकॉलचे (सहज न गोठणाऱ्या द्रावणाचे) पाणी किंवा ब्राइन थंड करतो आणि कामगारांच्या खोल्यांत फक्त ते पाणी फिरते. दुग्धशाळा, बिअर, भाज्यांची साठवण आणि मासळीची प्राथमिक प्रक्रिया यांसाठी हा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो, कारण तेथे तापमान शून्याच्या आसपास असते.

तिसरा उपाय म्हणजे बाष्पकात द्रव मोजून सोडणे. जुन्या पंप-पद्धतीत जेवढा द्रव उकळतो त्याच्या तिप्पट-चौपट द्रव फिरवला जातो आणि उरलेला परत येतो. आता परतीच्या वाफेत द्रवाचा अंश किती आहे हे मोजणारे सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक एक्स्पान्शन व्हॉल्व्ह उपलब्ध आहेत. त्यांच्या साहाय्याने हे प्रमाण पुष्कळ खाली आणता येते किंवा सरळ डायरेक्ट एक्स्पान्शन पद्धत, म्हणजे बाष्पकात उकळेल तेवढाच द्रव सोडण्याची पद्धत, वापरता येते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. डायरेक्ट एक्स्पान्शनमध्ये अमोनियात मिसळलेले थोडेसे पाणीही त्रासदायक ठरते. पाणी अमोनियाबरोबर उकळत नाही, ते बाष्पकातच साचत जाते आणि उकळण्याचे तापमान बिघडवते. म्हणून या पद्धतीचे यंत्र बसवताना नळ्या कोरड्या करण्याच्या कामात कोणतीही सवलत घेऊ नये.

चौथा उपाय म्हणजे एका मोठ्या मध्यवर्ती प्लांटऐवजी प्रत्येक खोलीसाठी स्वतंत्र, छतावर किंवा बाहेर बसणारी छोटी पॅकेज युनिट्स घेणे. एक युनिट गळले तर फक्त त्यातलाच अमोनिया बाहेर येतो. नवीन कोल्ड स्टोरेजसाठी हा चांगला पर्याय आहे, परंतु समुद्रालगतच्या छतावर खारे वारे त्याचे काय करतात हे पुढील एका उत्तरात पाहू.

बर्फाच्या कारखान्याचे एखादे उदाहरण आकड्यांत सांगाल का?

दिवसाला २० टन लाद्यांचा बर्फ बनवणारा कारखाना घेऊ. ३० अंशांचे पाणी शून्यावर आणणे, ते गोठवणे आणि लादी उणे ८ अंशांपर्यंत नेणे यासाठी दर किलोला सुमारे ४७७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे दिवसाला एक टन बर्फासाठी सुमारे १.६ टन शीतकरण क्षमता लागते. टाकीतून आणि झाकणांतून शिरणारी उष्णता धरली, तर ती १.८ टनांपर्यंत जाते. वीस टन बर्फासाठी ही क्षमता ३६ टन झाली.

जुन्या पद्धतीने दर टनामागे १० किलो धरले तर या कारखान्यात ३६० किलो अमोनिया असेल. ब्राइनच्या टाकीतील कॉइल काढून तिच्या जागी टाकीबाहेर प्लेटचा ब्राइन चिलर बसवला आणि कंडेन्सरही प्लेटचा घेऊन त्याला कूलिंग टॉवर जोडला, तर हाच आकडा १८ ते ३६ किलोंवर येऊ शकतो. बर्फाचा कारखाना मुळातच ब्राइनवर चालत असल्यामुळे येथे मधले द्रावण नव्याने आणावे लागत नाही. म्हणूनच लो-चार्जकडे वळण्यासाठी बर्फाचे कारखाने सर्वांत सोपे उमेदवार आहेत, आणि ते बहुधा जेटीलगत, वस्तीला खेटून असल्यामुळे सर्वांत निकडीचेही आहेत. एक अडचण मात्र आधीच सांगितली पाहिजे. कॅल्शियम क्लोराइडच्या ब्राइनमध्ये गंज आणि गाळ असतो आणि प्लेटच्या अरुंद फटी त्याने लगेच तुंबतात. गाळणी, ब्राइनची नियमित तपासणी आणि प्लेटसाठी टायटॅनियमसारखा क्लोराइडला टिकणारा धातू यांचा खर्च सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरावा.

अतिशीत खोल्यांसाठी ग्लायकॉल चालेल का, की कार्बन डायऑक्साइड वापरावा?

उणे ३० किंवा ४० अंशांच्या फ्रीझरसाठी ग्लायकॉल सोयीचे नाही, कारण त्या तापमानाला ते इतके घट्ट होते की पंपालाच मोठी वीज लागते. तेथे कार्बन डायऑक्साइड उपयोगी पडतो. अमोनिया-कार्बन डायऑक्साइड कॅस्केड पद्धतीत वरच्या टप्प्यावर थोडासा अमोनिया प्लांट रूममध्येच राहतो आणि फ्रीझरमध्ये कार्बन डायऑक्साइड फिरतो. उणे ४० अंशांना त्याचा निरपेक्ष दाब सुमारे १० बार असतो, तर त्याच तापमानाला अमोनिया वातावरणापेक्षा कमी दाबावर म्हणजे ०.७ बारवर असतो आणि कुठेही फट असली तर बाहेरची हवा आत ओढतो. कार्बन डायऑक्साइडमध्ये ती कटकट नाही.

परंतु गोव्यात त्याची खरी परीक्षा वीज गेल्यावर होते. कार्बन डायऑक्साइडचे क्रांतिक तापमान (ज्याच्या वर तो द्रवरूपात राहूच शकत नाही) ३१ अंश आहे आणि मे महिन्याच्या दुपारी आपली हवा त्याच्या वर असते. यंत्र थांबून आतील वायू तापू लागला तर दाब ७० बारच्या पुढे जातो, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतात आणि सगळा चार्ज हवेत जातो. म्हणून यंत्र बंद असतानाही वायू थंड ठेवणारे छोटे स्वतंत्र युनिट जनरेटरवर जोडलेले असायलाच हवे. दुसरी गोष्ट अशी की कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असून त्याला वास नाही. तो खोलीच्या तळाशी साचतो आणि श्वास कोंडतो, त्यामुळे त्याचा डिटेक्टर जमिनीलगत बसवावा लागतो. कॅस्केडच्या विनिमयकात गळती होऊन हे दोन वायू एकमेकांना भेटले, तर अमोनियम कार्बामेट नावाचा घन पदार्थ तयार होऊन यंत्र तुंबते. त्या जागेची तपासणी वेळापत्रकात असावी.

चार्ज कमी केला म्हणजे धोका संपला का?

नाही. याबाबतीत विक्रेत्यांच्या बोलण्यात जी घाई असते ती मला मान्य नाही, म्हणून एक हिशेब करून पाहू.

१० मीटर लांब, साडेसात मीटर रुंद आणि चार मीटर उंच प्लांट रूमचे आकारमान ३०० घनमीटर होते. एक किलो अमोनियाची वाफ सुमारे १.४ घनमीटर जागा व्यापते. अमोनिया हवेत १५ ते २८ टक्के असताना पेट घेऊ शकतो. या खोलीत ती खालची पातळी गाठण्यासाठी ३२ किलोंच्या आसपास अमोनिया बाहेर यावा लागेल. म्हणजे वरच्या बर्फ कारखान्याचा चार्ज १८ किलोंवर आणला, तर तो सगळाच्या सगळा खोलीत पसरला तरी सरासरी प्रमाण स्फोटाच्या पातळीला पोहोचत नाही. हा मोठाच लाभ आहे. मात्र जीवाला तत्काळ धोकादायक मानली जाणारी पातळी ३०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग) आहे आणि त्याच खोलीत ती गाठायला केवळ ६५ ग्रॅम अमोनिया पुरतो. एका पेल्यात मावेल एवढा द्रव त्याला पुरेसा आहे.

म्हणून कमी चार्जमुळे कुंपणाबाहेरच्या शेजाऱ्याचा धोका खूपच घटतो, परंतु प्लांट रूममध्ये उभ्या असलेल्या ऑपरेटरचा धोका त्या प्रमाणात घटत नाही. त्याच्यासाठी डिटेक्टर, जोरदार पंखे, बाहेर उघडणारे दार, मुखवटा आणि दाराबाहेर बसवलेला आपत्कालीन स्विच हे सर्व पूर्वीइतकेच आवश्यक राहते. आठ तासांच्या पाळीसाठी २५ पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी ३५ पीपीएम या मर्यादा सर्वत्र वापरल्या जातात. चांगल्या रचनेत २५ पीपीएमला इशारा वाजतो आणि १५० पीपीएमला आपत्कालीन पंखे आपोआप सुरू होतात.

अमोनिया हवेपेक्षा हलका आहे, मग गळला तर तो वर निघून जाणार नाही का?

शुद्ध वायू हलका आहे हे खरे. परंतु दाबाखालचा द्रव जोराने बाहेर पडतो तेव्हा त्याचे सूक्ष्म थेंब होतात, भोवतालची हवा गारठते आणि दमट हवेतील बाष्प त्यात मिसळून पांढरा, थंड, जड ढग तयार होतो. तो जमिनीला धरून सरकतो. गोव्याच्या दमट हवेत ही शक्यता गृहीत धरूनच योजना आखावी. जानेवारी २०१८ मध्ये चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटून गळती झाली, तेव्हा आसपासच्या रहिवाशांना घरे सोडून बाहेर पडावे लागले. तो अपघात रस्त्यावरचा होता आणि शीतकरणाशी त्याचा संबंध नव्हता, तरी अमोनिया वस्तीत शिरला तर काय होते हे मुरगाव तालुक्यातील लोकांनी तेव्हा पाहिले.

गळतीच्या वेळी वाऱ्याला आडवे चालत बाहेर पडावे, ढगाच्या पुढे त्याच दिशेने धावू नये. म्हणूनच प्रत्येक प्लांटवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी उंचावर हवी, आणि ती शेजारच्या वाड्यातूनही दिसली तर उत्तम. डोळ्यांत किंवा अंगावर अमोनिया गेल्यास किमान पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे आणि लगेच वैद्यकीय मदत घ्यावी. हवेतील वाफ खाली बसवण्यासाठी पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. मात्र जमिनीवर साचलेल्या द्रव अमोनियावर पाणी कधीही मारू नये, कारण पाण्याच्या उष्णतेने तो अधिकच उकळतो.

फवाऱ्याचे पाणी गटारात सोडले तर चालते का?

चालत नाही. अमोनिया पाण्यात अतिशय सहज विरघळतो आणि मासळीसाठी तो थोड्या प्रमाणातही घातक असतो. ज्या साळ नदीच्या मुखाशी होड्या नांगरतात तिच्यात असे पाणी गेले तर नुकसान मच्छीमारांचे होते. प्लांट रूमच्या उतारावर बंदिस्त टाकी बांधून ते पाणी अडवावे आणि प्रक्रिया करूनच त्याची विल्हेवाट लावावी. चार्ज कमी असेल तर ही टाकीही लहान पुरते.

गोव्याच्या हवामानाचा या यंत्रांवर काय परिणाम होतो?

तीन गोष्टींचा विचार करावा लागतो आणि तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिली गोष्ट म्हणजे खारी हवा. थंड नळीवरच्या आवरणात छोटीशी फट राहिली की दमट हवा आत शिरते, पाणी धरते आणि आवरणाच्या आत, कोणाला न दिसता, पोलाद कुजत जाते. माझ्या मते किनाऱ्यालगतच्या जुन्या प्लांटमधील हा सर्वांत मोठा छुपा धोका आहे. लो-चार्ज यंत्रणेत नळ्यांची लांबी कमी असल्यामुळे तो आपोआप घटतो. बाहेर बसणाऱ्या युनिटसाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील किंवा चांगला लेप दिलेली कॉइल मागावी. तांबे आणि पितळ मात्र अमोनियाला चालतच नाही, कारण ओलाव्यासह अमोनिया त्यांना खातो.

दुसरी गोष्ट म्हणजे दमटपणा. बाष्पनावर चालणारा कंडेन्सर हवेच्या ओल्या तापमानाच्या (ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापीवर दिसणाऱ्या तापमानाच्या) साधारण आठ-दहा अंश वर काम करतो. आपल्याकडे ते २६-२७ अंशांवर असते, म्हणून संघनन ३५ ते ३७ अंशांना होते. केवळ हवेवर चालणारा कंडेन्सर घेतला तर हाच आकडा दुपारी ४५ च्या आसपास जातो आणि वीजबिल तसेच कंप्रेसरची उष्णता दोन्ही वाढतात. पाण्याची बचत होते म्हणून तो सुचवला जातो, पण पाणी पूर्णच दुर्मीळ असेल तरच गोव्यात तो घ्यावा. तिसरी गोष्ट म्हणजे पाण्याची प्रत. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते आणि कंडेन्सरवर क्षारांचा थर बसतो, तेव्हा पाणी आधी तपासून घ्यावे.

विजेची बचत किती होते?

याचे उत्तर रचनेवर अवलंबून आहे आणि लो-चार्ज म्हणजे हमखास बचत असे समजू नये. अमोनिया व मासळी यांच्या मध्ये ग्लायकॉल आणले की एक जादा तापमान-फरक निर्माण होतो. बाष्पन तापमान एक अंशाने खाली आले की वीज साधारण दोन ते तीन टक्के अधिक लागते, म्हणजे पाच अंशांचा फरक दहा-पंधरा टक्क्यांना पडू शकतो. प्लेट एक्स्चेंजर हा फरक दोन-तीन अंशांवर आणू शकतो. वेग बदलणारे कंप्रेसर आणि पंखे भरपाई करतात. कंप्रेसरमधून निघणाऱ्या अमोनियाचे तापमान पुष्कळदा शंभर अंशांच्या आसपास असते. त्याच्यावर क्रेट धुण्यासाठी किंवा दुग्धशाळेच्या टाक्या धुण्यासाठी गरम पाणी फुकट मिळते, आणि ते आज बहुतेक ठिकाणी वाया जाते. विक्रेत्याकडून वर्षभराच्या विजेचा हिशेब पावसाळा आणि उन्हाळा वेगळा दाखवून लेखी मागावा.

आमचे ऑपरेटर जुन्या प्लांटवर तयार झालेले आहेत. त्यांना नवीन काय शिकावे लागेल?

जुन्या ऑपरेटरचे कान आणि नाक हे मोठे भांडवल आहे, ते टाकून देऊ नये. पण काही सवयी बदलाव्या लागतील. जुन्या प्लांटमध्ये थोडी गळती झाली तरी मोठ्या साठ्यामुळे यंत्र चालत राहते. लो-चार्ज यंत्रात दोन किलो कमी झाले तरी ते थांबते किंवा थंडावा देत नाही. त्यामुळे ‘थोडा गॅस भरून घेऊ’ ही सवय सोडून आधी गळती शोधावी लागते. तेल काढण्याचे कामही वेगळे होते. साधे खनिज तेल अमोनियात मिसळत नाही आणि जड असल्यामुळे तळाशी बसते. ते काढताना व्हॉल्व्ह उघडा ठेवून बाजूला गेल्यामुळे होणारे अपघात या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहेत. काही नव्या यंत्रांत अमोनियात मिसळणारे तेल असते, ते स्वतःहून कंप्रेसरकडे परततेही, पण ते ओलावा झपाट्याने शोषते म्हणून त्याचा डबा उघडा ठेवता येत नाही. पुण्यातील असोसिएशन ऑफ अमोनिया रेफ्रिजरेशन ही संस्था या विषयात काम करते. यंत्र येण्यापूर्वीच ऑपरेटरना प्रशिक्षणाला पाठवावे.

गोव्यात कोणाशी संपर्क करावा लागतो?

कारखान्याच्या सुरक्षिततेसाठी पणजीतील आल्तिनो येथे कारखाने व बाष्पक (येथे अर्थ बॉयलर) निरीक्षणालय आहे, प्रदूषणविषयक संमतीसाठी गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे आणि आगीच्या सुरक्षेसाठी अग्निशमन व आपत्कालीन सेवा संचालनालय आहे. रचनेसाठी आयएसओ ५१४९ हे शीतकरण यंत्रणांच्या सुरक्षिततेचे आंतरराष्ट्रीय मानक निविदेत स्पष्टपणे नमूद करावे. पंचायतीला आणि नजीकच्या अग्निशमन केंद्राला चार्जचा आकडा व व्हॉल्व्हच्या जागांचा नकाशा आपणहून द्यावा. नियमात किती सक्ती आहे हे पाहत बसू नये, कारण गळतीच्या वेळी मदतीला येणाऱ्या जवानाला सर्वांत आधी हीच माहिती लागते.

जुना प्लांट पूर्ण मोडावा लागतो का, आणि काम कधी करावे?

पुष्कळदा मोडावा लागत नाही. कंप्रेसर सुस्थितीत असेल तर तो ठेवून बाष्पक, कंडेन्सर आणि रिसीव्हर बदलता येतात. मोठा रिसीव्हर लहान केला आणि वापरात नसलेल्या लाइनी कापून बंद केल्या, एवढ्यानेही चार्ज बराच उतरतो. याला खर्चही कमी येतो. ज्यांच्याकडे आज संपूर्ण बदलासाठी पैसे नाहीत त्यांनी निदान इथून सुरुवात करावी.

मासळीशी संबंधित कारखान्यांसाठी १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ कामाला योग्य आहे. बर्फाची मागणी तेव्हा घटलेली असते आणि कच्चा माल येत नाही. परंतु तोच ऐन पावसाळा असतो. कापलेल्या नळीचे तोंड एक रात्र उघडे राहिले तरी आत पाणी शिरते, म्हणून प्रत्येक तोंडाला लगेच टोपी बसवावी, जोडणीनंतर नायट्रोजनने दाबाची चाचणी घ्यावी आणि अमोनिया भरण्यापूर्वी पुरेसा वेळ व्हॅक्यूम ओढावा. जुना अमोनिया सिलिंडरमध्ये काढून घेताना प्रत्येक सिलिंडर काट्यावर ठेवून वजन नोंदवावे. नोंदवहीत वर्षानुवर्षे लिहिला गेलेला आकडा आणि काट्यावर आलेली बेरीज ताडून पाहावी, आणि नव्या रिसीव्हरचे माप त्या बेरजेवरून नव्हे, तर नव्या रचनेच्या हिशेबावरून ठरवावे.